भांड्यावर नाव, घरावर नाही

पत्र थोडक्यात असं: बेळगावात राहणाऱ्या ५० वर्षांच्या एका ताईंनी लिहिलंय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. २४ वर्षांपूर्वी एका देवळात, दोन्हीकडची चार माणसं बोलावून त्यांचं लग्न झालं. नवऱ्याचं आधी एक लग्न झालेलं होतं. थोरली खानापूर तालुक्यातल्या गावी, सासरच्याच घरात, मुलासह राहते. "काडीमोड झालीय, स्टँपवर लिहून घेतलंय," असं ताईंना लग्नाआधी सांगितलं गेलं. नवरा उद्यमबागेत एका कारखान्यात होता. आता ६१ वर्षांचा, निवृत्त. एक मुलगी २२ वर्षांची, शिकते आहे. २००६ मध्ये दीड गुंठा जागा घेतली, मग घर बांधलं. पैसा बराचसा ताईंच्या शिवणकामाचा, भिशीचा आणि मोडलेल्या पाटल्यांचा, थोडा नवऱ्याच्या पगारातला. खरेदीपत्र मात्र एकट्या नवऱ्याच्या नावावर. शिवाय गावी भावाभावांत न वाटलेली जमीन आहे, आणि थोडी हद्दीपलीकडे चंदगड तालुक्यात. गेल्या वर्षी नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. भेटायला आलेले दीर बोलता बोलता बोलून गेले, की काडीमोडीच्या त्या कागदावर थोरलीचा अंगठाच नाही, तिच्या बापाचा आहे. तेव्हापासून ताईंची झोप उडालीय. त्या विचारतात, "इतकी वर्षं संसार केला, मी कायद्यानं बायको ठरत नाही का? हे गेले तर घर माझं आणि मुलीचं राहील ना? विषय काढला की हे म्हणतात, आत्ता काय मी मरूलालोय काय? आणि दीर म्हणतात, मंगळसूत्र घालायचा तरी तुला काय हक्क?"

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि "माझं नाव कुठंच नाही" हे वाक्य त्यात तीनदा आलंय. तिसऱ्या वेळी पेन इतकं दाबलंय की कागदाला भोक पडलंय. म्हणून आधी त्या वाक्याबद्दलच बोलते.

माझ्या आईची एक मावशी निपाणीला होती. तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. तीही दुसरेपणाची. तिचा माणूस गेला, तेरावा झाला, आणि त्याच संध्याकाळी भाऊबंद घरातल्या वस्तू वाटून घ्यायला बसले. आई तेव्हा दहा-बारा वर्षांची. तिनं पाहिलेलं ती अजून सांगते. मांडणीवरची भांडी एकेक करून खाली घेतली, उलटी केली, कंदिलाशी धरून त्यांवर घातलेली नावं वाचली. त्याच्या नावाची एकीकडे, हिच्या नावाची दुसरीकडे. मावशीच्या वाट्याला एक तांब्याचा हंडा, दोन पितळी डबे आणि एक परात आली. कारण स्वतःच्या मजुरीतून घेताना तेवढ्यांवरच तिनं नाव घालून घेतलं होतं. घराचा तर विषयच निघाला नाही. ती माणसं काही राक्षस नव्हती. ज्यावर जिचं नाव ते तिचं, एवढाच हिशेब त्यांनी लावला.

कायदाही पुष्कळदा असंच भांडं उलटं करून बघतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. उत्तर मनाला लागेल, पण आडपडदा न ठेवता देते. पहिली बायको हयात असताना आणि ते लग्न कायद्यानं मोडलेलं नसताना झालेलं दुसरं लग्न १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार मुळातच रद्दबातल असतं. २४ वर्षं गेली काय किंवा ४० गेली काय, नुसत्या वर्षांनी ते वैध होत नाही. आपल्याकडे "आमच्यात दोन बायका चालतात" असं अजून कुणी कुणी म्हणतं. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, आणि त्या मुलखात हिंदूंचं दुसरं लग्न १९४६ च्या कायद्यानंच बंद झालं होतं. म्हणजे देशभराच्या कायद्याच्या नऊ वर्षं आधी. आपल्या आज्यांच्या काळापासून हे चालत नाही, फक्त त्यांना ते कुणी सांगितलं नाही.

मग काडीमोड? ती अगदीच खोटी गोष्ट नाही. ज्या समाजात रूढीनं काडीमोड होत आलीय तिथं ती कायद्यानं मान्य होऊ शकते. १९५५ च्या कायद्यानं ती वाट मोकळी ठेवलीय. पण अशी रूढी आपल्या समाजात खरोखर आहे आणि ती रीतसर पाळली गेली, हे ज्याला तिचा आधार घ्यायचाय त्यानं कोर्टात मांडून सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये हे स्पष्टच सांगितलंय. नुसता स्टँप पेपर म्हणजे काडीमोड नव्हे. आणि जिची काडी मोडली तिचाच अंगठा नसेल, तर ती काडीमोड तिच्याशी झालीच नाही, तिच्या बापाशी झाली. त्या कागदाचा मूळ प्रतीसह शोध घ्या, वकिलाला दाखवा. पण ताई, त्याच्या भरवशावर राहू नका.

"खूप वर्षं एकत्र राहिलं की कोर्ट लग्न मानतं" असंही तुम्ही कुठंतरी ऐकलंय. तेही अर्धं खरं आहे. १९७८ च्या एका निकालात पन्नासएक वर्षं नवरा-बायको म्हणून राहिलेल्या जोडप्याचं लग्न सर्वोच्च न्यायालयानं गृहीत धरलं. २०१५ मध्ये अशाच गृहीतकावर एका बाईला वारसाहक्क मिळाला. विधवेचा पाट लागला, चार माणसांत उडकी (पाटासारखंच पुनर्लग्न) झाली, पण कागद काहीच नाही, अशा बायकांना याचा मोठा आधार आहे. मात्र हे गृहीतक खोडून काढता येतं. पहिली बायको समोर उभी असेल आणि तिचं लग्न कुणी नाकारत नसेल, तर ते टिकत नाही. तुमच्या बाबतीत अडचण नेमकी तीच आहे.

इथं मी तुम्हालाच एक उलटा प्रश्न विचारते. समजा उद्या कोर्टानं म्हटलं, होय, तुम्हीच बायको. मग घर तुमचं झालं का? नाही. लग्नाच्या बायकोलाही नवऱ्याच्या नावावरच्या घरात तो जिवंत असेपर्यंत मालकी नसते. राहण्याचा आणि पोटगीचा हक्क असतो, मालकी नसते. तो मृत्युपत्र न करता गेला तर तिला मुलांबरोबर एक वाटा मिळतो, इतकंच. चोर्ला घाट उतरला की गोव्यात जुना पोर्तुगीज कायदा लागू असलेल्यांना लग्नानंतर मिळकतीत निम्मा हक्क येतो. घाटाच्या या अंगाला तसं काही नाही. शहापूर-वडगावात माग चालवून घर उभं करणाऱ्या, मंडपात रीतसर अक्षता पडलेल्या कितीतरी बायकांचंही नाव घराच्या कागदावर नाही. तेव्हा "मी बायको आहे की नाही" यात तुम्ही जो जीव अडकवलाय तो जरा सोडवून घ्या. घराचं उत्तर त्या प्रश्नात पूर्ण सापडणार नाही.

तुमचे यजमान कागद न करता गेले तर काय होईल, हे सरळ मोजून सांगते, म्हणजे मनात धुकं राहणार नाही. सासूबाई हयात नाहीत असं तुम्ही लिहिलंय. तर घराचे तीन सारखे वाटे: एक थोरलीचा, एक तिच्या मुलाचा, एक तुमच्या मुलीचा. तुमचा वाटा काही नाही.

मुलीचं नाव वाचून दचकला असाल. दीर तुम्हाला सांगत असतील की तिलाही काही नाही. ते चूक आहे. रद्दबातल लग्नातली मुलं हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ नुसार औरसच धरली जातात आणि आईबापांच्या मालमत्तेत त्यांना हक्क असतो. वडिलोपार्जित जमिनीबद्दल बरीच वर्षं घोळ होता. आपल्याच कर्नाटकातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी १ सप्टेंबर २०२३ रोजी तो मिटवला. बापाच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं मानायचं, त्यात बापाच्या वाट्याला जे येईल त्यात अशा मुलांनाही हिस्सा. सगळ्या भाऊबंदांच्या जमिनीत नव्हे, फक्त बापाच्या वाट्यात. म्हणजे खानापूरच्या जमिनीतही तुमच्या लेकीचं काहीतरी आहे.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कलम १६ चा आधार मिळायला लग्न झालेलं दिसावं लागतं, मग ते रद्दबातल का असेना. देवळातल्या त्या लग्नाचे फोटो, गुरुजींची पावती, हजर असलेली माणसं हे सगळं तुम्हाला बायको ठरवायला कमी पडेल. पण तुमच्या मुलीला वारस ठरवायला तेच कामी येणार आहे. रागाच्या भरात, "काय उपयोग त्याचा" म्हणून ते फोटो फाडू नका.

आणि तुमच्या पाटल्या? भिशी? मला हा भाग लिहिताना वाईट वाटतंय. एकानं पैसे द्यायचे आणि मिळकत दुसऱ्याच्या नावावर घ्यायची, याला बेनामी कायदा आडवा येतो. १९८८ चा हा कायदा २०१६ मध्ये आणखी कडक झाला. पती-पत्नी आणि मुलं यांच्या नावानं घेतलेल्याला त्यात सूट आहे, पण कायद्याच्या नजरेत तुम्ही पत्नी नसाल तर ती सूट मागणं कठीण जाईल. पाटल्या मोडल्याची सोनाराची पावती, भिशीची वही, बँकेचं जुनं पासबुक जपून ठेवाच. उद्या काहीही झालं तरी तुमची बाजू त्यातून दिसेल. पण "पैसे माझे होते" एवढ्या बळावर घर मिळवायचा दावा पुढची दहा वर्षं खाईल.

२००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा "विवाहासारख्या नात्यातल्या" बाईलाही राहत्या घरातून हुसकण्यापासून संरक्षण देतो. २०१३ च्या एका निकालात, पुरुष विवाहित आहे हे माहीत असून राहिलेल्या बाईला मात्र तो लाभ नाकारला गेला. तुम्हाला काडीमोड झाली असं सांगितलं होतं, म्हणजे तुमची बाजू वेगळी आहे. पहिलं लग्न लपवून फसवलेल्या बाईला त्याच वर्षी पोटगी मिळाल्याचाही निकाल आहे. पण हे सगळे हक्क ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याकडून मागायचे. तुमचं तुमच्या माणसाशी भांडणच नाही. ते तुम्हाला रोज सकाळी चहा करून देतात असं तुम्हीच लिहिलंय. तुमची भीती ते नसतील त्या दिवसाची आहे, आणि त्या दिवसाची तजवीज फक्त तेच करू शकतात, आज.

वाटा मुख्यतः दोन आहेत. मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र.

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. साधा कागद चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यांनी सही होताना बघायची आणि स्वतः सही करायची. नोंदणी सक्तीची नाही, पण तुम्ही सब-रजिस्ट्रारकडे करून घ्याच. हृदयाचं दुखणं आहे म्हणून त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा, की माणूस पूर्ण शुद्धीत आहे. साक्षीदार तरुण, गावातलेच आणि घरातल्या कुणाचा फायदा-तोटा नसलेले घ्या. आणि भाषा? मृत्युपत्र मराठीत लिहिलं तर चालतं. भाषेचं बंधन नाही. नोंदणीच्या वेळी भाषांतर मागितलं तर ते जोडता येतं. आपल्याकडे कितीतरी म्हातारी माणसं न वाचता येणाऱ्या कन्नड कागदावर "लिहिणाऱ्यानं बरोबरच लिहिलं असेल" म्हणून अंगठा उठवतात. तुमच्या यजमानांनी त्यांना कळणाऱ्या भाषेत, त्यांच्या शब्दांत लिहावं. कन्नडमध्येच करायचं ठरलं तर वाचता येणाऱ्या दोघांकडून वेगवेगळं मोठ्यानं वाचून घ्या.

त्यात एक चूक सर्रास होते. "माझ्या पश्चात घर माझ्या पत्नीला" असं लिहून मोकळे होतात. कायद्यानं पत्नी कोण? थोरली! तुमचं पूर्ण नाव, वय, पत्ता, आणि "२००१ पासून माझ्यासोबत राहणारी, माझ्या मुलीची आई, जिच्या पैशातून हे घर झालं" असं खरं खरं लिहायचं. थोरलीचं आणि मुलाचं नावही त्यात आलं पाहिजे. त्यांना काय दिलं, किंवा घर का दिलं नाही, हे यजमानांनी स्वतः लिहावं. लग्नाची बायको आणि मुलगा यांचा उल्लेखही नसलेलं मृत्युपत्र कोर्टाला आधीच संशयास्पद वाटतं.

मृत्युपत्राची कमजोरी अशी, की ते केव्हाही बदलता येतं आणि माणूस गेल्यावरच त्यावर वाद सुरू होतो, तेव्हा उत्तर द्यायला तो नसतो. बक्षीसपत्र तसं नाही. ते नोंदवलं आणि तुम्ही स्वीकारलं की तिथल्या तिथं नाव चढवता येतं, सहजासहजी मागे घेता येत नाही. घर त्यांच्या स्वकष्टाचं असेल, गावच्या जमिनीचा पैसा त्यात घातलेला नसेल, तर ते कुणालाही देऊ शकतात. कर्नाटकात जवळच्या नातलगाला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. परक्याला दिलं तर खरेदीखतासारखं बाजारभावावर भरावं लागतं. मुलगी त्या सवलतीत बसते. तुम्ही बसणार नाही.

म्हणून पुष्कळ जण सल्ला देतील, सगळं घर मुलीच्या नावावर करा. मला विचाराल तर सगळं करू नका. मुलगी गुणी आहे, पण उद्या तिचं सासर असेल, कर्ज असेल, आणि तुम्ही पुन्हा दुसऱ्याच्या घरात राहणारी बाई व्हाल. निम्मं मुलीला बक्षीस द्यावं, निम्मं शुल्क भरून तुमच्या नावावर करावं. शुल्काचे पैसे जड जातील हे मला कळतं, एखादी भिशी त्यात जाईल. नाहीच जमलं तर मुलीच्या बक्षीसपत्रातच तुम्हा दोघांचा तहहयात राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. आणि जे उरेल त्याला मृत्युपत्राचं कुंपण घाला.

गावच्या जमिनीचं वेगळं आहे. न वाटलेला वडिलोपार्जित हिस्सा इतरांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही. मृत्युपत्रानं मात्र स्वतःपुरता देता येतो. चंदगडची जमीन महाराष्ट्रात, तिचा सातबारा वेगळा. वारसा कायदा मात्र दोन्हीकडे एकच, त्यामुळे बेळगावात नोंदवलेलं मृत्युपत्र हद्दीपलीकडेही चालतं. फक्त महाराष्ट्राच्या कूळकायद्यात शेतजमीन शेतकरी नसलेल्याकडे जायला अडथळे आहेत, तेव्हा तिथं तुमचं नाव घालण्याआधी चंदगडच्या वकिलाला विचारा. माझं मत असं, की त्या जमिनीचा मोह तुम्ही सोडावा.

का, ते सांगते. पत्रात थोरलीचा उल्लेख नऊ वेळा आहे आणि एकदाही ती माणूस म्हणून नाही. ती "अडचण" आहे, "धोका" आहे. जरा तिच्या बाजूनं बघा. तिचा अंगठा न घेता तिचं लग्न मोडलं. तरी ती सासरीच राहिली, सासूचं शेवटचं दुखणं तिनं काढलं, हे तुम्हीच लिहिलंय. २४ वर्षं त्या शेताचं तण तिनं काढलं. तिचंही नाव त्या उताऱ्यावर नाही. तुम्हा दोघींना एकाच कागदानं फसवलं, ताई. तिला एका बाजूनं, तुम्हाला दुसऱ्या. तुमच्या यजमानांनी जमिनीतला आपला हिस्सा थोरली आणि मुलगा यांना मृत्युपत्रानं द्यावा, घर तुम्हा मायलेकींना, आणि हे दोन्हीकडे तोंडानं सांगावं. हे न्यायाचं आहे म्हणून सांगतेय. आणि व्यवहाराचंही आहे: ज्याला काही मिळालंय तो कोर्टाची पायरी चढण्याआधी दहादा विचार करतो. नाहीतर बेळगावच्या दिवाणी कोर्टातून धारवाडच्या खंडपीठापर्यंत जाता जाता दोन्ही घरांच्या मुलांचं तारुण्य संपतं. वाद पेटावा असं कुणाला वाटतंय, याचाही विचार करा. काडीमोडीच्या कागदाची आठवण दिरांना नेमकी ऑपरेशननंतरच कशी झाली?

थोरलीशी परस्परसंमतीनं रीतसर घटस्फोट घेऊन तुमच्याशी कायद्यानं लग्न करणं हाही एक मार्ग आहे. पण घटस्फोट झाला की तिचा वारसाहक्क संपतो. योग्य मोबदला देऊन, तिच्या खऱ्या राजीखुशीनं झालं तरच करा. तिचा अंगठा दुसऱ्यांदा कुणी ओढून घेऊ नये. "गुपचूप विवाहनोंदणी करून टाका" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. पहिली बायको असताना दुसरं लग्न हा गुन्हा आहे, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि खोटं लिहून दिल्याचं वेगळं.

नॉमिनेशनबद्दल थोडक्यात: विमा, बँक यांत तुमचं नाव नॉमिनी म्हणून असलं तर पैसे हातात येतील, पण ते तुमचेच झाले असं नेहमी होत नाही, वारस मागू शकतात. २००८ च्या एका निकालात दुसरी बायको नॉमिनी होती, तिला पैसे काढायचा दाखला मिळाला, पण पहिलीचा वाटा राखून. निवृत्तिवेतनावर हक्क कायदेशीर पत्नीचाच धरला जातो. तुमची शिवणाची कमाई तुमच्या एकटीच्या खात्यात ठेवा.

आता विषय काढायचा कसा. "मी मरूलालोय काय" म्हणणारा माणूस वाईट नसतो, घाबरलेला असतो. छातीवर कापल्याची खूण रोज आरशात दिसते त्याला. त्याच्या मरणापासून सुरुवात करू नका. स्वतःपासून करा. तुम्ही आधी गेलात तर? तुमच्या खात्यातले पैसे, मशीन, दागिना यांवर त्यांचाही कायद्यानं हक्क नाही, कारण तेही तुमचे कायदेशीर पती ठरत नाहीत. "मला माझं मृत्युपत्र करायचंय, तुमच्या औषधपाण्याला पैसे राहावेत म्हणून. माझ्याबरोबर चला." हे खरंही आहे. दोघांनी एकाच दिवशी करा. दुसरं निमित्त ई-खात्याचं, म्हणजे मिळकतीच्या संगणकी उताऱ्याचं. मिळकतीची नोंदणी करायची तर आता तो लागतो, त्यासाठी खरेदीपत्र, घरपट्टीच्या पावत्या बाहेर काढाव्याच लागतात. पेटी उघडली की बोलणंही निघतं. मुलीला त्या वेळी समोर बसवा, तिच्यापासून आजवर झाकलंत तेवढं पुरे.

असंच कोड्यात अडकलेल्या इतरांची पत्रंही माझ्याकडे आहेत, त्यांनीही हे वाचावं. लग्नाचा कोणताच विधी न होता एकत्र राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, की तिथं कलम १६ चा आधार डळमळतो. मुलं आईची वारस होतात, बापाची होतीलच असं नाही. बापानं मृत्युपत्र केलं तरच खात्री. दोन मैत्रिणी किंवा दोन मित्र जोडीदार म्हणून राहत असतील तर १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं त्यांच्या लग्नाला मान्यता मिळालेली नाही. मात्र संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला आडकाठी नाही, असं केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. घर घेताना सुरुवातीलाच दोघांची नावं घाला, पैसे आपापल्या खात्यातून चेकनं द्या, आणि मृत्युपत्र करा. माहेरचे भाऊ आज गोड बोलतात म्हणून पुढं ढकलू नका.

ताई, या आठवड्यात एक करा. बेळगावच्या कोर्टात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथं फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आधी फोन करायचा तर १५१०० वर करा. खरेदीपत्राची झेरॉक्स, गावचा उतारा, चंदगडचा सातबारा, काडीमोडीच्या कागदाची मिळेल ती प्रत घेऊन जा. मी इथं पत्रावरून बोलतेय. कागद बघून बोलणारा माणूस तुम्हाला हवाच. आणि कधी घरातून काढायचा प्रयत्न झालाच, तर १८१ ला फोन करा, नाहीतर तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जा, संरक्षण अधिकारी म्हणून तेच काम बघतात.

राहिलं मंगळसूत्र. दिरांना सांगा, की ते घालायला कुणाच्या परवानगीचा कायदा नाही. घाला. आणि देवळातल्या फोटोंच्या दोन प्रती काढून एक संच उद्याच बहिणीकडे नेऊन ठेवा. मागच्या बाजूला तारीख, देवळाचं नाव आणि फोटोतल्या प्रत्येकाचं नाव लिहायला विसरू नका.